उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकविषयक ऐच्छिक घटकांची निवड : गिरगाव ते लालबाग परिसराच्या संदर्भात

सारांश

दहावीनंतर संगणकाचा विषय घ्यावयाचा एवढे ठरले म्हणजे निवड पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत ‘संगणकशास्त्र’ आणि ‘माहिती तंत्रज्ञान’ असे दोन वेगळे विषय आहेत, केंद्रीय मंडळात दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत आणि आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रमात २०१४ ते २०२६ च्या परीक्षांसाठी चार ऐच्छिक घटकांपैकी एक निवडण्याची पद्धत राहिली. प्रस्तुत लेखात या पर्यायांची रचना, त्यांतील प्रमुख घटकांचे स्वरूप आणि निवडीचे परिणाम यांचे विवेचन केले आहे. विषयाचे नाव किंवा ‘गुण देणारा विषय’ ही ख्याती यांपेक्षा, त्या निवडीने कोणते दार बंद होते आणि तो घटक कोणत्या प्रकारच्या विचाराची सवय लावतो, हे निकष अधिक विश्वसनीय आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : उच्च माध्यमिक शिक्षण, संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, द्विलक्ष्यी अभ्यासक्रम, विषयनिवड, गिरणगाव.

१. प्रस्तावना

मुंबईच्या दक्षिण व मध्य भागातील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने शिक्षणातील निवड ही केवळ आवडीची बाब कधीच नव्हती. परळ, लालबाग, लोअर परळ हा गिरणगावचा प्रदेश. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या जीवनाची घडी विस्कटली आणि वडिलांच्या जागी मुलगा गिरणीत लागण्याची परंपरा खंडित झाली. पुढील दोन दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर व्यापारसंकुले आणि कार्यालये उभी राहिली. ज्या कमला मिलच्या भोंग्यावर एकेकाळी पाळी बदलत असे, तिच्या आवारात संगणकावर चालणारी कार्यालये आली. गिरगाव आणि दादर येथील मध्यमवर्गाची वाट थोडी वेगळी होती. तेथे टंकलेखन व लघुलेखनाचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची किल्ली, असा काळ दीर्घकाळ चालला. त्या किल्लीची जागा पुढे संगणकाने घेतली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लवकरच घरोघरी पोहोचला.

या पार्श्वभूमीमुळे ‘कॉम्प्युटर घे, पुढे उपयोगी पडेल’ हा सल्ला या परिसरातील बहुतेक घरांत सहज दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. ‘कॉम्प्युटर’ या एका शब्दाखाली परस्परांहून भिन्न असे विषय एकत्र येतात. त्यांची परीक्षा वेगळी, त्यांतून मिळणारे कौशल्य वेगळे आणि त्यांच्यासाठी मोजावी लागणारी किंमतही वेगळी असते. पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला ही निवड प्रवेशाच्या धामधुमीत, बहुधा काही दिवसांत करावी लागते. म्हणूनच तिचे स्वरूप आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

२. उपलब्ध पर्यायांची रचना

२.१ राज्य मंडळ : महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विज्ञान शाखेत ‘संगणकशास्त्र’ हा द्विलक्ष्यी, म्हणजेच प्रचलित भाषेत बायफोकल, विषय आहे. तो एकूण २०० गुणांचा असून त्याच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० गुण प्रात्यक्षिक अशी त्यांची विभागणी आहे. बारावीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एचटीएमएल हे घटक, तर दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याची आज्ञावली, मायक्रोकंट्रोलर व नेटवर्किंग हे घटक अशी या विषयाची प्रदीर्घ काळ रूढ असलेली मांडणी आहे. हा विषय घेणारा विद्यार्थी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुतेकदा जीवशास्त्र, सोडतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत द्विलक्ष्यी विषयांची पसंती स्वतंत्रपणे नोंदवावी लागते, ही बाब अनेक पालकांच्या उशिरा लक्षात येते.

‘माहिती तंत्रज्ञान’ हा दुसरा विषय १०० गुणांचा असून तो कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांत घेता येतो. अकरावीची नवी पाठ्यपुस्तके २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये आली. ती शाखानिहाय वेगळी आहेत. विज्ञान शाखेच्या पुस्तकात वेब डिझाइनिंग, जावास्क्रिप्ट, पीएचपी यांवर भर आहे, तर अन्य शाखांत त्या त्या शाखेला जवळचे घटक येतात; उदाहरणार्थ, वाणिज्य शाखेत संगणकीय हिशेबाशी निगडित घटक. या विषयाची ८० गुणांची परीक्षा संगणकावर घेतली जाते आणि २० गुण प्रात्यक्षिकाला असतात. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषय दुसऱ्या भाषेला पर्याय म्हणून दिला जातो. साहजिकच विद्यार्थ्यासमोर ‘मराठी की आयटी’ असा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

२.२ केंद्रीय मंडळ : केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळात ‘कॉम्प्युटर सायन्स’ आणि ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ असे दोन अभ्यासक्रम आहेत. पहिल्याचा भर प्रोग्रॅमिंग व संगणकाच्या तत्त्वांवर, तर दुसऱ्याचा भर माहितीचे व्यवस्थापन व उपयोजन यांवर आहे. २०१० च्या दशकात काही वर्षे पहिल्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सी प्लस प्लस किंवा पायथन यांपैकी एका भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा होती. पुढे सी प्लस प्लस वगळण्यात आली आणि पायथन तेवढी राहिली.

२.३ आंतरराष्ट्रीय पदविका : दक्षिण मुंबईतील काही शाळांत इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेचा पदविका अभ्यासक्रम शिकविला जातो. त्यातील संगणकशास्त्राच्या २०१४ ते २०२६ च्या परीक्षांसाठीच्या रचनेत सर्वांना समान असा गाभा आणि डेटाबेस, प्रतिमानन व सादृश्यीकरण, वेबशास्त्र, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या चार घटकांपैकी एक घटक अशी योजना होती. निवडलेल्या घटकावरील प्रश्नपत्रिकेला सामान्य स्तरावर २५ टक्के आणि उच्च स्तरावर २० टक्के भार होता. ऑगस्ट २०२५ पासून अध्यापनात आलेल्या नव्या रचनेत, जिची पहिली परीक्षा २०२७ मध्ये आहे, हे ऐच्छिक घटक राहिलेले नाहीत. डेटाबेस आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग यांना मुख्य अभ्यासक्रमात स्थान मिळाले असून भाषेची निवड जावा किंवा पायथन अशी ठेवली आहे.

या तिन्ही व्यवस्थांतून एक समान गोष्ट दिसते. भाषा आणि साधने बदलत राहतात, परंतु माहितीची रचना, समस्येची उकल आणि प्रोग्रॅमची बांधणी हा गाभा टिकतो. काल जो घटक ऐच्छिक होता तो आज अनिवार्य होतो आणि काल अनिवार्य असलेली भाषा आज पुस्तकातून नाहीशी होते. निवड करताना हे सूत्र विसरता कामा नये.

३. प्रमुख घटकांचे स्वरूप

घटकांची नावे विद्यार्थ्याला फारसे काही सांगत नाहीत. प्रत्येक घटक कोणत्या प्रकारचा विचार करावयास लावतो, हे परिसरातील परिचित उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होईल.

३.१ डेटाबेस : १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या ग्रंथालयाची देवघेव संगणकावर आणावयाची आहे, असे समजू. प्रत्येक वेळी पुस्तक देताना सभासदाचे नाव, त्याचा चाळीचा पत्ता, पुस्तकाचे नाव व लेखक असे सर्व एकाच ओळीत लिहीत गेल्यास काम चालते, पण फार दिवस नाही. चाळ पुनर्विकासाला गेली आणि सभासद संक्रमण शिबिरात राहावयास गेला की त्याचा पत्ता शेकडो नोंदींत बदलावा लागतो. एखादी नोंद राहून गेली तर एकाच माणसाचे दोन पत्ते होतात. म्हणून सभासद, पुस्तके आणि देवघेव यांचे तीन वेगळे तक्ते करून ते क्रमांकांनी जोडले जातात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानाचा हाच गाभा आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवावी, ही शिस्त या घटकातून अंगी बाणते. येथे प्रोग्रॅमिंग तुलनेने कमी आणि वर्गीकरणाची नीटस दृष्टी अधिक लागते. हिशेब, प्रशासन, ग्रंथालय, रुग्णालय अशा कोणत्याही क्षेत्रात ती उपयोगी ठरते.

३.२ प्रतिमानन व सादृश्यीकरण : गणेशोत्सवात लालबागमध्ये दर्शनासाठी लागणाऱ्या रांगेचा विचार करू. समजा, दर मिनिटाला ६० भाविक रांगेत येतात आणि ५० जणांचे दर्शन होते. दर मिनिटाला रांग १० जणांनी वाढते, म्हणजे दोन तासांत रांगेत १,२०० माणसे उभी राहतात. त्या क्षणी शेवटी उभ्या राहिलेल्या माणसाला २४ मिनिटे थांबावे लागेल. त्यानंतर येणाऱ्यांचे प्रमाण मिनिटाला ४० वर आले तरी रांग संपण्यास आणखी दोन तास लागतील. हे आकडे कल्पित असले तरी त्यांतून मिळणारा बोध खरा आहे : गर्दी ओसरू लागली म्हणजे रांग लगेच संपत नाही. प्रत्यक्षात माणसे एकसारख्या गतीने येत नाहीत, म्हणून प्रोग्रॅममध्ये यादृच्छिकता आणावी लागते आणि तोच प्रयोग अनेकदा करून पाहावा लागतो. या घटकाला गणिताची, विशेषतः संभाव्यतेची आवड लागते. ज्याला आकड्यांतून प्रश्न विचारावेसे वाटतात, त्याच्यासाठी हा घटक सर्वांत समृद्ध आहे. ज्याला ते नकोसे वाटते, त्याने केवळ कुतूहलापोटी तो घेऊ नये.

३.३ वेब : वेब डिझाइनिंगचे आकर्षण समजण्याजोगे आहे, कारण केलेले काम तत्काळ पडद्यावर दिसते. एचटीएमएलने पृष्ठाची रचना ठरते, सीएसएसने त्याचे रूप ठरते, जावास्क्रिप्टने ते वापरणाऱ्याच्या कृतीला प्रतिसाद देते आणि पीएचपीसारखी भाषा सर्व्हरवर माहिती तपासून साठविते. गिरगावातील एखाद्या घरगुती फराळ विक्रेत्याचे मागणीपत्रक तयार करावयाचे झाल्यास, भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी आहे की नाही हे ग्राहकाच्या यंत्रावरच पाहता येते, मात्र मागणीची नोंद सर्व्हरवर ठेवावी लागते. कोणती तपासणी कोठे करावयाची आणि ग्राहकाकडून आलेल्या माहितीवर किती विश्वास ठेवावयाचा, हा या घटकातील खरा विचार आहे. तो न करता केवळ रंग आणि चित्रे यांवर थांबणारा विद्यार्थी सुबक पृष्ठे करतो, परंतु प्रोग्रॅमिंग शिकतोच असे नाही.

३.४ ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग : उपनगरी रेल्वेचा पास हे या घटकासाठी योग्य उदाहरण आहे. प्रत्येक पासाला धारकाचे नाव, दोन स्थानके, वर्ग आणि मुदत असते. विद्यार्थी पासालाही हे सर्व असतेच. फक्त भाड्याची आकारणी सवलतीने होते. तेव्हा ‘पास’ हा मूळ क्लास लिहून त्यातून ‘विद्यार्थी पास’ निर्माण करावा आणि त्यात फक्त आकारणीचा भाग बदलावा, हे शहाणपणाचे. यालाच वारसा म्हणतात. खिडकीवरील प्रोग्रॅमने ‘भाडे सांग’ एवढेच विचारावे आणि प्रत्येक पासाने आपापल्या नियमाने उत्तर द्यावे, ही बहुरूपता होय. राज्य मंडळाच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लसच्या निमित्ताने हाच विचार शिकविला जातो. हा घटक आरंभी अवघड वाटतो, कारण छोट्या उदाहरणांत त्याची गरज जाणवत नाही. प्रोग्रॅम मोठा होऊ लागला की त्याचे मोल कळते. पुढे संगणक अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राची पदवी घेऊ इच्छिणाऱ्यास याचा पाया सर्वाधिक उपयोगी पडतो.

३.५ डेटा स्ट्रक्चर्स, मायक्रोप्रोसेसर व नेटवर्किंग : हे घटक प्रामुख्याने द्विलक्ष्यी संगणकशास्त्रात येतात. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेले ताट प्रथम निघते. क्यू म्हणजे रांग. प्रथम आलेला प्रथम जातो. कोणत्या कामाला चळत योग्य आणि कोणत्या कामाला रांग योग्य, हे ओळखणे म्हणजेच डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास. ८०८५ हा इंटेलचा १९७६ मधील आठ-बिटी मायक्रोप्रोसेसर. तो आज जुना झाला असल्याने अनेकांना त्याचा अभ्यास निरर्थक वाटतो. तथापि, त्याच्या १६ पत्तावाहिन्यांतून ६५,५३६ स्मृतिस्थाने कशी मिळतात आणि दोन अंकांची साधी बेरीज किती पायऱ्यांनी होते, हे एकदा हाताने केल्यावर संगणक ही जादू राहत नाही. नेटवर्किंगच्या बाबतीत मुंबईकरांजवळ एक उत्तम उदाहरण घरचेच आहे. डबेवाल्याच्या डब्यावरील खुणांमधून प्रत्येक टप्प्यावरील माणूस स्वतःच्या कामापुरता पत्ता वाचतो. संपूर्ण मार्ग कोणा एकालाच ठाऊक असावा लागत नाही. इंटरनेटवरील माहितीची पाकिटेही स्थूलमानाने याच तत्त्वावर पुढे सरकतात.

४. निवडीने बंद होणारी दारे

कोणताही ऐच्छिक विषय काही देतो आणि काही घेतो. घेण्याची बाजू सहसा माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली नसते.

४.१ गणित : या संपूर्ण विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय बारावीला घेतला म्हणजे पुढे त्याच नावाच्या पदवीला प्रवेश मिळेल, असा समज विशेषतः वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांत आढळतो. प्रत्यक्षात मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान या अभ्यासक्रमासाठी बारावीला गणित असणे ही अट दीर्घकाळ राहिली आहे. बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाची तशी अट नाही. म्हणजेच गणित सोडून आयटी घेणारा विद्यार्थी ज्या दाराकडे निघाला, तेच दार स्वतःच्या हाताने लावून घेतो. अभियांत्रिकीच्या बाबतीतही चित्र वेगळे नाही. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हेच विषय असून एकूण २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताला आहेत. संगणकशास्त्रातील उत्तम गुण त्या परीक्षेत मोजले जात नाहीत. संगणकाच्या वाटेवरील पहिली शिदोरी गणिताची आहे, संगणकाची नंतरची.

४.२ जीवशास्त्र : द्विलक्ष्यी संगणकशास्त्रासाठी जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय शाखेची वाट नेहमीच्या मार्गाने उरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट परीक्षेची मुभा दिली, त्यामुळे हे दार पूर्वीइतके घट्ट बंद राहिलेले नाही. तरीही त्यासाठी वेगळा वेळ आणि श्रम द्यावे लागतात. ज्याचे मन अद्याप ठरलेले नाही, त्याने जीवशास्त्र ठेवून प्रोग्रॅमिंग स्वतंत्रपणे शिकणे हा मार्गही विचारात घ्यावा.

४.३ मराठी : महाराष्ट्र शासनाने २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावीच्या वर्गांत मराठीचे अध्यापन अनिवार्य केले, परंतु अकरावी-बारावीला हे बंधन नाही. त्यामुळे दादरच्या बालमोहन विद्यामंदिरासारख्या मराठी परंपरेच्या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थीही, द्विलक्ष्यी विषय किंवा आयटी घेताच, मराठीच्या औपचारिक अभ्यासापासून दूर होतो. ही हानी केवळ भावनिक नाही. समस्येचे विधान नेमके वाचणे, मुद्द्यांची क्रमवार मांडणी करणे आणि केलेल्या कामाचे स्पष्टीकरण लिहिणे ही कौशल्ये भाषेच्या अभ्यासातून घडतात आणि प्रोग्रॅमिंगला ती तितकीच लागतात. आयटीच्या परीक्षेत बहुतांश प्रश्न वस्तुनिष्ठ असल्याने गुण अधिक मिळतात, म्हणून भाषा सोडणे हा हिशेब दोन वर्षांपुरता बरोबर ठरू शकतो. दीर्घ मुदतीत तो तसाच राहील याची खात्री नाही. दुसरी बाजूही न्याय्य आहे. ज्या विद्यार्थ्याला संगणक हाताळण्याची संधी घरी मुळीच नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयातील आयटीची प्रयोगशाळा हेच एकमेव प्रवेशद्वार असू शकते. अशा विद्यार्थ्याने भाषा सोडली म्हणून त्याला दोष देणे योग्य नव्हे. त्याने वाचन सोडू नये, एवढीच अपेक्षा रास्त ठरते.

५. निवडीवर प्रभाव टाकणारी परिस्थिती

लालबाग-परळच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच माणसांत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतंत्र संगणक आणि शांत कोपरा मिळणे कठीण असते. प्रोग्रॅमिंग वाचून येत नाही. ते करून, चुकून आणि चूक शोधून येते. त्यामुळे प्रात्यक्षिकाचा वेळ हा प्रत्यक्ष निकष ठरतो. द्विलक्ष्यी संगणकशास्त्रात निम्मे गुण प्रात्यक्षिकाला असल्याने प्रयोगशाळेची वेळ वेळापत्रकात निश्चित असते. हा त्या विषयाचा मोठा लाभ आहे. मात्र महाविद्यालयाच्या वेळेबाहेर सीईटीचा खासगी वर्ग, आणि त्यासाठी परळहून दादरला धावाधाव, अशी दिनचर्या असेल तर तीच प्रात्यक्षिके ओझे वाटू लागतात. पुष्कळदा ‘इंटिग्रेटेड’ वर्गांच्या सोयीसाठी प्रयोगशाळेचाच बळी दिला जातो आणि विषय घेऊनही तो हाती लागत नाही.

माध्यमाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत एकदम इंग्रजी परिभाषा सामोरी येते. संगणकाच्या बाबतीत मात्र ही अडचण भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या तुलनेने सौम्य असते, कारण प्रोग्रॅममधील राखीव शब्द मोजकेच असतात आणि ते सर्वांनाच नव्याने शिकावे लागतात. संकल्पना मराठीतून समजावून घेऊन प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत लिहिणे सहज शक्य आहे. इंग्रजीच्या भीतीने द्विलक्ष्यी विषय टाळण्याचे कारण नाही.

आणखी एक वास्तव असे की ‘ऐच्छिक’ म्हटलेली निवड अनेकदा विद्यार्थ्याची नसतेच. आंतरराष्ट्रीय पदविकेतील चार घटकांपैकी कोणता शिकवायचा हे सामान्यतः शाळेतील शिक्षकांच्या तयारीवर ठरत असे. राज्य मंडळातही द्विलक्ष्यी संगणकशास्त्र प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात नसते. तेव्हा विद्यार्थ्याची निवड घटकाची नसून पुष्कळदा संस्थेची असते. जो घटक कसलेला शिक्षक मनापासून शिकवितो, तो कागदावर कमी आकर्षक असला तरी अधिक देऊन जातो.

६. निवडीसाठी उपयुक्त प्रश्न

उपरोक्त विवेचनाच्या आधारे विद्यार्थी व पालकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मांडून पाहणे हिताचे ठरेल.

(१) हा विषय घेतल्याने गणित सुटते काय? सुटत असल्यास संगणकाच्या पुढील पदव्यांची वाट अरुंद होते, हे मान्य आहे काय?

(२) कोणता विषय किंवा भाषा सोडावी लागते आणि ती सोडल्याचे दोन वर्षांनी वाईट वाटेल काय?

(३) महाविद्यालयात दर आठवड्यास प्रत्यक्ष संगणकावर किती वेळ मिळतो आणि एका संगणकावर किती विद्यार्थी बसतात? हे प्रवेशापूर्वी तेथील वरिष्ठ विद्यार्थ्यांना विचारता येते.

(४) घटकाचा स्वभाव आणि विद्यार्थ्याचा स्वभाव जुळतो काय? वर्गीकरणाची आवड असणाऱ्यास डेटाबेस, गणिताची आवड असणाऱ्यास प्रतिमानन, दृश्य मांडणीची आवड असणाऱ्यास वेब आणि तर्काची इमारत रचण्याची आवड असणाऱ्यास ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग जवळचे वाटते.

(५) विशिष्ट भाषा किंवा साधन कालबाह्य झाले तरी त्या घटकातून शिल्लक राहील असे काय आहे?

या प्रश्नांचा उपयोग दोन कल्पित उदाहरणांवरून दिसेल. अभियांत्रिकीचा निश्चय असलेल्या लालबागच्या विद्यार्थिनीने द्विलक्ष्यी संगणकशास्त्र घ्यावे काय? गणित सुटत नाही, जीवशास्त्र तिला नको आहे आणि प्रयोगशाळा तिला घरी न मिळणारी संधी देते; फक्त सीईटीच्या तयारीसाठी वेळ राखता येईल, याची तिने खात्री करावी. गिरगावातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र ‘मराठीऐवजी आयटी’ हा खरा प्रश्न नाही. ‘गणित ठेवावे की नाही’ हा त्याच्यासमोरील खरा प्रश्न आहे. गणित ठेवले तर आयटी त्याला पूरक ठरेल. गणित सोडले तर आयटीचा उपयोग हिशेब व कार्यालयीन कामापुरता मर्यादित राहील. तो उपयोगही कमी मोलाचा नाही, परंतु तो जाणून स्वीकारलेला असावा.

प्रवेशाचे नियम आणि विषयगट वेळोवेळी बदलतात, विशेषतः राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ते बदलत आहेत. म्हणून अंतिम निर्णयापूर्वी त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका आणि संबंधित पदवीची प्रवेशअट तपासणे अगत्याचे आहे.

७. समारोप

संगणकविषयक ऐच्छिक घटकांची निवड ही ‘कोणते साधन आज चलनात आहे’ या प्रश्नाभोवती फिरत राहिली तर ती नेहमीच एक पाऊल मागे राहील. सी प्लस प्लस, जावा, पीएचपी, पायथन यांची चलती पिढीगणिक बदलत आली आहे. गिरणीतील साच्यावरचे कौशल्य काय किंवा टंकलेखनाचा वेग काय, एका यंत्राशी बांधलेली विद्या त्या यंत्राबरोबर मावळते, हे या परिसराने दोनदा अनुभवले आहे. याउलट माहितीची नेटकी रचना, समस्येचे लहान भाग पाडण्याची सवय, गणिती विचार आणि तो विचार स्वच्छ भाषेत मांडण्याची क्षमता या गोष्टी यंत्र बदलले तरी उपयोगी पडतात. जी निवड या गोष्टी टिकविते किंवा वाढविते ती योग्य. जी निवड केवळ टक्क्यांसाठी त्यांतील एखादी गमावते ती, विषयाचे नाव कितीही आधुनिक असले तरी, महाग पडते. कनिष्ठ महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी विषयांच्या यादीबरोबरच प्रत्येक निवडीने काय सुटते याची यादीही विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास, हा निर्णय अधिक डोळसपणे घेतला जाईल.